खाली नाव कुणाचं?



मागच्या महिन्यात सुनेच्या माहेरची मंडळी घरी आली होती. हॉलमधलं निसर्गचित्र बघून विहीणबाई म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही काढलंत?" मी पटकन "हो" म्हटलं. हात माझा, रंग माझे, म्हणजे खोटं तर नव्हतं. पण रात्री झोप लागेना.

कॉलेजात असताना आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत बसून मी ते कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या चित्रावरून उतरवलं होतं. सयाजीराव महाराजांनी युरोपातून चित्रं आणवली, १९२१ मध्ये गॅलरी लोकांसाठी उघडली, म्हणून तर दांडिया बाजारातल्या मुलीला विलायतेचं आकाश बघायला मिळालं! आठ-दहा दुपारी गेले. पेन्सिलीने काढायचं, रंगांची नावं बाजूला लिहून आणायची आणि घरी रंगवायचं. नुसतं बघताना ढग पांढरे वाटले होते. काढायला बसल्यावर कळलं, पांढरा त्यात जवळजवळ नाहीच. राखाडी आहे, पिवळट आहे, खालच्या बाजूला जांभळट झाक आहे. गिरवल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

आणि गिरवण्यात कमीपणा कसला? खुद्द कॉन्स्टेबल १८२३ मध्ये ४७ वर्षांचा होता. ओढ्यातल्या घोडागाडीचं 'द हे वेन' हे त्याचं प्रसिद्ध चित्र दोन वर्षं आधीच काढून झालेलं. तरी सर जॉर्ज ब्यूमाँट यांच्या घरी मुक्काम करून तो क्लॉड लोरेनच्या निसर्गचित्राची नक्कल करत बसला, आणि बायकोला पत्रातून तसं कळवलंही. आपण दोन स्तोत्रं पाठ झाली की पोथी मिटतो.

मग मला टोचत काय होतं? कोपऱ्यातली सही. फक्त माझी.

एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. एवढी मेहनत नाथांची, पण ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. आपल्या फॅमिली ग्रुपवर काय चालतं बघा. गुरुजींचं प्रवचनातलं वाक्य आणि खाली आपलं नाव, वर गुलाबाचं फूल. किंवा उलट, आपल्या मनातलं काहीतरी आणि खाली गुरुजींचं नाव. मला हे दुसरं जास्त वाईट वाटतं. पहिल्यात आपण फुकटची वाहवा घेतो, दुसऱ्यात कुणीतरी भोळेपणाने त्यावर विश्वास ठेवून तसं वागून बसतं. (मीही एकदा केलंय. "फॉरवर्ड आलं होतं" म्हणून हात झटकले.)

गुरुवारी सेवेला निघण्याआधी स्टुलावर चढून चित्र खाली काढलं. सही खोडली नाही, मेहनत माझी होतीच. तिच्यावर बारीक ब्रशने लिहिलं, 'कॉन्स्टेबलच्या चित्रावरून'. नातू म्हणाला, "आजी, म्हणजे हे डुप्लिकेट?" म्हटलं, "हो रे बाबा."

विहीणबाईंना फोन करायचा अजून राहिलाय.