अरलचा जमाखर्च

ज्या सरोवराला समुद्राकडे जाणारी वाट नाही, त्याचा विस्तार म्हणजे एका अखंड चालणाऱ्या जमाखर्चाची त्या घटकेची शिल्लक असते. नद्या व पाऊस आणून घालतात ते जमेला, सूर्य शोषून घेतो ते खर्ची, आणि या दोहोंचा मेळ ज्या उंचीवर बसेल तेथे पाणी स्थिरावते. असे सरोवर आटू लागले, की दोष आकाशाचा की माणसाचा हा वाद उपस्थित होतो, आणि कालव्यांची दारे ज्यांच्या अखत्यारीत असतात त्यांना आकाशाचा पक्ष विशेष प्रिय होतो, हे ओघानेच आले.

तो पक्ष अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणवत नाही. आफ्रिकेतील चाड सरोवर १९६०च्या दशकारंभी सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते, ते पुढच्या पंचवीसएक वर्षांत त्याच्या दशांशाहूनही कमी उरले; आणि साहेल प्रदेशावर त्या काळी जे अवर्षण कोसळले त्याचाच वाटा यात मोठा होता, सिंचनाचा त्या मानाने अल्प. अरल समुद्र म्हणवल्या जाणाऱ्या सरोवराची कथा मात्र निराळी.

पामीर आणि तिएनशान पर्वतांच्या बर्फावर पोसलेल्या अमूदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांनी मध्य आशियाच्या वाळवंटात हे सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरांचे पाणी १९६० सालापर्यंत राखले होते. त्याच्या नाशाचे बीज कापसात होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून तेथला कापूस बंद झाला, तेव्हा मुंबईच्या सटोडियांचे जे उखळ पांढरे झाले ते मराठी वाचकाला ठाऊकच आहे; त्याच टंचाईने रशियन गिरण्यांची नजर मध्य आशियाकडे अधिकच वळवली, आणि १८६५त ताश्कंद झारच्या अमलाखाली आले. झार गेले, पण कापसाची हाव सोव्हिएट अमदानीत वाढतच गेली, आणि तिच्यापायी या नद्यांचे पाणी कालव्यांनी शेतांकडे वळवले गेले. १९५४ साली खणावयास घेतलेला काराकुम कालवा तर भर वाळूतून, तळ पक्का न करताच नेला, त्यामुळे शेताला पोचण्याआधीच पुष्कळसे पाणी जमिनीत जिरू लागले. समुद्र आटेल हे नियोजकांना कळत नव्हते अशी त्यांची तरफदारी करण्याचीही सोय नाही. त्यांनी मासळी व कापूस यांच्या उत्पन्नाची तुलना करून समुद्र जाणूनबुजून खर्ची टाकला होता. मोयनाक बंदराच्या लोकांनी मागे सरणाऱ्या पाण्यामागे चर खणत जाण्याची शिकस्त केली. पुढे तोही नाद सोडावा लागला, आणि तेथला मासे डबाबंद करणारा कारखाना चालता ठेवण्यासाठी दूरदूरच्या समुद्रांतली गोठवलेली मासळी त्या वाळवंटात आणण्यात आली. सरकारी हट्टाचा याहून चोख दाखला मला तरी ठाऊक नाही.

परंतु आकाश आणि माणूस यांची खाती वेगळी ठेवणेच पुढे दुर्घट होते. समुद्राचा समशीतोष्ण प्रभाव नाहीसा होताच भोवतालचा उन्हाळा अधिक तापू लागला, हिवाळा अधिक बोचू लागला, आणि ज्या कापसासाठी हे सारे केले त्याच्याच वाढीचा हंगाम आखडला. उघड्या पडलेल्या तळावरचे मीठ व शेतांतून वाहून आलेली विषारी औषधे वाऱ्याबरोबर वस्त्यांवर पसरली. पर्वतांवरच्या हिमनद्या तापमानवाढीने वितळत असल्यामुळे नद्यांना काही काळ पाणी अधिक दिसेल, पण ते मुद्दल मोडून आलेले आहे.

माणसाचा हात खरोखर किती होता याचे उत्तर उत्तरेकडच्या तुकड्याने दिले आहे. १९८७च्या सुमारास समुद्राचे दोन भाग झाले होते. २००५ साली कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साह्याने कोक-अरल येथे बांध घातला, सिरदर्येचे पाणी दक्षिणेस वाहून वाया जाणे थांबले, आणि वर्षभरातच पातळी चढून मासळी व मासेमारी पुन्हा दिसू लागली. दक्षिण भागाला अमूदर्येचे असे पाणी मिळाले नाही. २०१४ साली त्याचे पूर्वेकडील पात्र पुरते कोरडे पडले.

त्यातच २०२२ साली अफगाणिस्तानाने अमूदर्येवर कोश तेपा कालव्याचे काम हाती घेतले, लांबी सुमारे २८५ किलोमीटर. १९९२ साली पाच मध्य आशियाई राष्ट्रांनी पाणीवाटपाचा करार केला त्यात अफगाणिस्तान नव्हते. उपाशी देशाला धान्य पिकविण्याचा हक्क नाही असे त्या पाचांना तोंड वर करून सांगता येत नाही, आणि नदीत द्यावयास जादा पाणी उरलेले नाही.