होकार कोणाला दिलेला असतो?

तपासणीच्या खोलीत आपण अनोळखी माणसासमोर कपडे काढतो, घरच्यांपासून लपवलेले सांगतो, अंगाला हात लावू देतो, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. ही मुभा त्या माणसाला नसते, त्याच्या कामाला असते. उद्या त्या खुर्चीत दुसरा डॉक्टर बसला तर ती त्यालाही मिळेल. पहिला डॉक्टर संध्याकाळी बाजारात भेटला तर त्याला ती नाही. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या लैंगिक संबंधांचा प्रश्न इथून सोडवायला घ्यावा, असे मला वाटते. आपल्याकडे तो बहुधा शीलाच्या टोकाने धरला जातो, आणि मग नेमके काय चुकले हे सांगताच येत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला उपदेश आहे: परस्त्रीची अभिलाषा मनातही धरू नये, पती किंवा पालक हजर नसताना स्त्रीवर उपचार करू नयेत. नियम कडक आहे. पण त्यात पहारा बाहेरचा आहे आणि स्त्री कुणाची तरी आहे. 2002 सालच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांतही व्यभिचार आणि रुग्णाशी गैरवर्तन एकाच कलमात आले आहेत. व्यभिचार हाच दोष असेल, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही अविवाहित असताना दोष उरतो कुठे? कलमातला ‘गैर’ हा शब्द तेही प्रकरण कवेत घेतो, पण ते गैर का, हे सांगत नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली शपथ मला इथे अधिक नेमकी वाटते. रुग्णाच्या घरी आपण त्याच्या हितासाठी जातो, म्हणून तिथल्या स्त्रीशी वा पुरुषाशी, स्वतंत्राशी वा गुलामाशी संबंध ठेवणार नाही, असे ती वदवून घेते. गुलामाच्या शीलाची त्या समाजाला काय फिकीर? वैद्य कशासाठी उंबरठा ओलांडून आत आला, एवढेच ती पाहते.

दोघे सज्ञान आहेत, राजीखुशीने जवळ आले, मग तिसऱ्याने का पडावे, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. त्याला सर्वांत चांगले उत्तर फ्रॉइडच्या 1915 मधल्या निबंधात मिळते. उपचारादरम्यान रुग्णाला चिकित्सकाविषयी वाटणारे प्रेम त्या उपचाराच्या परिस्थितीतून उपजते; चिकित्सकाने ते स्वतःच्या देखणेपणाच्या खात्यावर जमा करू नये, असे तो बजावतो. ते प्रेम खोटे असते, असे तो म्हणत नाही. म्हणजे होकार खरा असू शकतो. तो खुर्चीला दिलेला असतो आणि माणूस तो उचलतो. पतपेढीच्या रोखपालाने ठेवीतून पैसे घेतले आणि ठेवीदाराची तक्रार नाही, म्हणून अफरातफर सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 68 व्या कलमानेही हे काही अंशी ओळखले आहे: रुग्णालयातल्या माणसाने पदाचा गैरफायदा घेऊन तिथल्या स्त्रीला संबंधासाठी वश केले, तर तो बलात्कार ठरत नसला तरी पाच ते दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पुरुष रुग्णाचा विचार त्यात नाही. शीलाचे जुने टोक अजून सुटलेले नाही, ते असे.

यातून रुग्ण, विशेषतः स्त्री, अजाण ठरते, असेही कुणी म्हणेल. पण बंधन रुग्णावर नाहीच. आपल्या भावाचा खटला न्यायाधीश चालवत नाही, तेव्हा पक्षकार दुबळे आहेत असे आपण म्हणत नाही. अवघड जागा पुढे आहे: उपचार संपल्यावर काय? अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने 1993 मध्ये मानसोपचारातल्या माजी रुग्णाशीही संबंध कायमचे निषिद्ध ठरवले. तोच नियम एकदा दात काढून दिलेल्या दंतवैद्याला लावला, तर एकच दवाखाना असलेल्या गावात त्याने लग्न कुणाशी करायचे? मला हा फरक मान्य आहे, कारण दंतवैद्याकडे दाताशिवाय फारसे काही सोपवलेले नसते. मानसोपचारात ऐकलेले सगळे मात्र उपचार थांबल्यावरही ऐकणाऱ्यापाशीच राहते, आणि दहा वर्षांनी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले तरी दोघांपैकी एकालाच दुसऱ्याचे सारे ठाऊक असते.