रोप, नियत आणि दुसरा उन्हाळा

कयामत समोर येऊन ठेपली असेल आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका, अशा आशयाची एक हदीस आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत ती हमखास सांगितली जाते. माणसाने आपले काम करावे, फळ अल्लाहवर सोडावे, असा तिचा अर्थ आपण काढतो. अर्थ बरोबरच आहे. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. कयामत आली तर रोप लावणारा तिथेच मोकळा झाला. ती आली नाही, दुसरा दिवस उजाडला, तर त्या रोपाला पाणी कोणी घालायचे?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे शंभर एकरांत एक एकरही जंगल नाही. जे आहे त्यात येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य, १९९७ साली घोषित झालेले, अवघ्या बावीस चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा रानाची किंमत आपल्याला कळली नसेल; यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या वाघाला ती कळली. २०२४ च्या अखेरीस तो येथे कॅमेऱ्यात दिसला.

आणि हवामान? २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पुराने शेतांतली माती खरवडून नेली. झाडे लावायची ती या दोन टोकांच्या मध्ये. खड्डे मे महिन्याच्या उन्हात, मुरमात घ्यायचे. रोप चिखल तुडवत, भिजत लावायचे, कारण ओल आहे तोवरच ते मूळ धरते. मग पावसाने ओढ दिली की घागर घेऊन जायचे. ज्या दिवशी घरात बसावेसे वाटते, नेमका तोच दिवस कामाचा असतो.

पगारी माणसाला हजेरीपट असतो. स्वयंसेवकाला कोण विचारणार? तो स्वखुशीने आला, स्वखुशीने थांबला, असे आपण म्हणतो. येथे मला नफिल रोजाची आठवण होते. तो ठेवणे न ठेवणे आपल्या मर्जीवर असते. पण हनफी मसलकाप्रमाणे एकदा सुरू केलेला नफिल रोजा पूर्ण करणे वाजिब होते. सेवेचेही असेच असावे. रोप हातात घेईपर्यंत मर्जी आपली. ते मातीत गेले की अमानत झाली.

याचा अर्थ जीव धोक्यात घालावा असा नाही. विजा कडाडत असताना माळावर उभे राहणे ही सेवा नव्हे. स्वतःला नाशाच्या तोंडी देऊ नये, हीच कुरआनची शिकवण आहे. वादळ सरेपर्यंत थांबावे, पण नंतर जावे. थांबणे आणि सोडून देणे यांतला फरक ज्याचा त्याला ठाऊक असतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, "सर, रोप सूख गया तो भी सवाब मिलता ना?" प्रश्न निरागस होता, मोठ्यांच्या मनात मात्र तो सोयीसाठी येतो. अमल नियतीवर ठरतो, हे खरेच. पण नियत म्हणजे काय? पाणी वाहून नेले, कुंपण केले, तरीही रोप जळाले, तर अल्लाह जाणणारा आहे. फोटो काढून परत फिरलो आणि पुन्हा पाहिलेच नाही, तर नियत रोपाची होती की फोटोची? २०१९ मध्ये राज्यात तेहतीस कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. आकडा सर्वांना पाठ आहे. पण झाडाचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, आणि त्यासाठी झाड जगावे लागते.

म्हणून मुलांना मी एवढेच सांगतो, की जेवढ्यांना दोन उन्हाळे पाणी घालता येईल, तेवढीच रोपे लावा. पाच लावली तर पाच. कडुनिंब, बोर, सीताफळ, आपल्या मातीतलीच लावा. पहिल्या पावसातला उत्साह सर्वांकडेच असतो. दुसऱ्या उन्हाळ्यात जो घागर घेऊन येतो, त्याची नियत विचारावी लागत नाही.