परकी झाडे आणि आपला न्याय

वनस्पतींविषयीच्या लेखनात काही शब्द असे येतात की वाचता वाचता माणूस थबकतो. देशी, परकी, उपरी, घुसखोर, आक्रमक. हे शब्द झाडाझुडपांना लावलेले असतात. पण ते आले आहेत माणसांच्या भांडणातून. त्यांची धार या अंकाच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. म्हणून प्रश्न सरळच विचारू या. एखाद्या वनस्पतीचा न्याय ती कुठून आली यावरून करायचा, की ती काय करते यावरून?

जन्मस्थान हीच कसोटी मानली तर पहिली अडचण आपल्या ताटातच उभी राहते. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. चिंचेला अरबांनी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, असे नाव दिले. तिचे मूळ मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ आफ्रिकेत शोधतात. या सर्वांना हद्दपार केले तर आपला सण आणि स्वयंपाक दोन्ही ओस पडतील.

पण म्हणून सर्वच पाहुणे निरुपद्रवी ठरत नाहीत. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या घाणेरीने जंगलाचे मोठमोठे पट्टे झाकले आहेत; तिच्या दाट जाळीखाली दुसऱ्या रोपाला ऊन मिळत नाही. गाजरगवताची पुण्यात १९५५च्या सुमारास नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचा पेटते, परागकणांनी श्वास कोंडतो, आणि एकेक झाड हजारो बिया टाकून जाते. गंमत अशी, की त्याला आवर घालण्यासाठी १९८४ मध्ये जे भुंगेरे सोडण्यात आले, तेही मेक्सिकोहूनच आणलेले होते.

आक्रमकपणा एखाद्या झाडाच्या रक्तातच असतो का? आपली बाभूळ काय सांगते पाहा. इथे ती बांधावरची, कुंपणाची, सरपणाची बाभूळ. हीच बाभूळ सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात नेली गेली, आणि क्वीन्सलंडच्या गवताळ माळांवर ती आज मोठे संकट मानली जाते. झाड तेच. मूळ ठिकाणी त्याला कुरतडणारे किडे असतात, रोग असतात, जागेसाठी झगडणारे शेजारी असतात. हा धाक परमुलखात राहत नाही. त्यातच माणसाने जंगल तोडून, माळ उकरून जमीन मोकळी करून दिली की झाड पसरत जाते.

या मुद्द्यावर शास्त्रज्ञांमध्येही वाद झाला आहे. मार्क डेव्हिस आणि त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले, की प्रजातींची पारख त्यांच्या मूळस्थानावरून करू नका. डॅनियल सिम्बरलॉफ यांच्या पुढाकाराने १४१ शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली. नव्या वनस्पतीचे दुष्परिणाम कधी कधी अनेक दशकांनी दिसतात. तोवर वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, हे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

मला या वादात शिवनेरीचा कडा आठवतो. तिथे खडकाच्या कपारीत ‘शिंदळ माकुडी’ नावाची मांसल पानांची एक छोटी वनस्पती वाढते. तिचे फूल तांबूस, चांदणीसारखे. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया’ म्हटले. अस्सल सह्याद्रीची लेक, पण नाव साहेबाचे! सह्याद्रीतले मोजके कडे सोडले तर जगात ती नैसर्गिकपणे कुठेही उगवत नाही. घाणेरीला साऱ्या उष्ण प्रदेशांत जागा आहे; हिला दुसरे घर नाही. तिच्या कपारीवर कुणी पसरू लागले तर ‘सर्व झाडे सारखीच’ म्हणून हात बांधून बसणे हा इन्साफ नव्हे. बलवान आणि दुबळा यांच्यामध्ये तटस्थ राहणारा माणूस बलवानाच्याच बाजूला उभा असतो.

म्हणजे उपटावे लागेल, पण कुठे आणि का हे पाहून. आणि ज्यांचे जंगल आहे त्यांना विचारून. कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी पूर्वी ठरावीक काळी जंगलात हलकी आग लावत. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली, आणि घाणेरी माजली ती तेव्हापासून, असे ते सांगतात. त्यांचे ज्ञान अडाणीपणा ठरवायचे आणि दोष सगळा झुडपाला द्यायचा, हे सोयीचे आहे; न्यायाचे नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. झाडांची ही भाषा माणसांना लावण्याचा मोह अनेकांना होतो. जगात तसे घडलेही आहे. नाझी जर्मनीत ‘परकी’ झाडे आणि ‘परकी’ माणसे यांच्याविषयी एकाच दमात बोलले गेले. ही तुलना मुळातच खोटी आहे. घाणेरी वेगळी प्रजाती आहे. माणसे सगळी एकाच प्रजातीची. घाणेरीला आपल्या वागण्याचा विचार करता येत नाही, शेजाऱ्याशी बोलून तोडगा काढता येत नाही. माणसाला हे सारे येते. म्हणून झाडाबद्दल ‘ते कुठून आले’ ही माहिती निदान उपयोगाची असते. माणसाबाबत तोच प्रश्न विचारून त्याची लायकी ठरवणे म्हणजे त्याला माणूस मानायचेच नाकारणे आहे. गाजरगवत जरूर उपटावे. त्याच्यासाठी वापरलेला शब्द मात्र शेजाऱ्याच्या दारावर चिकटवू नये.