आठ काढून झाल्यावर

मुलगा अठराचा झाला की घरची मंडळी मोठ्या प्रेमाने एक काम करून देतात. ओळखीचा एजंट गाठतात. "तू अभ्यास कर, तो बघेल सगळं." शिकाऊ लायसन्सनंतर पक्क्यासाठी किमान ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस शिकण्यासाठी आहेत. आपल्याकडे ते तारीख मोजण्यात जातात. शिकाऊ परीक्षा आता घरी बसून देता येते, तेव्हा उत्तरं नक्की कोण निवडतं हे घराघरांत ठाऊक आहे. पुढे मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढायचा, पाय टेकला तरी काणाडोळा होतो आणि पेढे येतात.

यात फसवणूक कोणाची होते? सरकारची नव्हे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाची. मोटारसायकलवर बायकोला मागे बसवून तो बाजारातून परततो आहे, आणि वळणावर समोर दिसणाऱ्या पोराला गाडी येते असं तो गृहीत धरून चालला आहे. त्याने आपल्या शब्दावर जीव टाकलेला असतो, आणि तो शब्द आपण एजंटाकडून विकत आणलेला असतो.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जवळून पाहा. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. सिग्नलला गाडी झोकात थांबते, पोरगं खुश होतं. थांबवलेली असते सरांनी. पंधरा दिवसांत क्लच सुटतो, गाडी रिव्हर्स घेता येते. पण थांब्यावर उभ्या एसटीच्या पुढून कोणीतरी धावत रस्ता ओलांडणार, गल्लीतून चेंडू आला की मागोमाग पोर येणार, हे कधी शिकवायचं? ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढी जमीन गेलेलीच असते. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. हे गणित दहावीच्या विज्ञानाच्या बाहेरचं नाही, पण गाडीवर बसल्यावर आठवत नाही.

आणि हे तरी चारचाकीचं. दुचाकी कोण शिकवतं? भाऊ सोसायटीच्या आवारात मागे धावतो, संपलं. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली. जिथे सर्वांत जास्त मरण आहे, तिथेच शिकवणी जवळजवळ नाही. चित्रकलेला क्लास, कोडिंगला क्लास, गाडीला मात्र ‘येईल आपोआप’.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, त्यावर राज्यभर संताप उसळला. रास्तच होता. पण त्याच आठवड्यात क्लासबाहेर पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या स्कूटरींची रांग नेहमीइतकीच लांब होती. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. क्लासची वेळ साधायला चावी आपणच हातात ठेवतो, वर "हेल्मेट घाल हं" म्हणतो, आणि स्वतः कोपऱ्यावर दूध आणायला बोडक्याने जातो. पोर यातलं नेमकं काय शिकतं, हे सांगायला नको.

न्यूझीलंडने १९८७ पासून लायसन्स टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यातला चालक रात्री १० ते पहाटे ५ एकटा गाडी नेऊ शकत नाही, मित्र भरून नेणं तर लांबच. आपल्या कायद्यात असा टप्पा नाही. घरात आणता येतो. पहिलं वर्षभर रात्रीची गाडी नाही, ट्रिपल सीट नाही, आणि पहिल्या पावसात बाबा मागे बसणार. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून पोरगा भांडेल. भांडू दे.