तात्यांची सावड

नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान गावात एक शेतकरी राहत होते. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा. दोन एकर बागायत, दोन गाई आणि मळ्यातच बांधलेलं घर एवढा त्यांचा पसारा. मुलगा पुण्याला कंपनीत कामाला होता. मळ्यात तात्या आणि त्यांच्या पत्नी, काकू, दोघंच.

२०२१ सालचा एप्रिल महिना होता. आदल्या वर्षी करोना शहरातच जास्त होता, गावात नावापुरता आला होता. या खेपेला मात्र घरटी कोणी ना कोणी खोकत होतं. आणि नेमका याच दिवसांत उन्हाळी कांदा काढणीला आला होता.

तात्यांचा निम्मा कांदा उपटून झाला होता. पातीखाली झाकून तो वाफ्यात सुकत पडला होता. निम्मा अजून जमिनीत होता. मग पात कापायची, कांदा सावलीत सुकवायचा, निवडायचा आणि चाळीत भरायचा. एवढं काम बाकी असताना तात्यांना ताप भरला.

पहिल्या दिवशी तात्या म्हणाले, “ऊन लागलं.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “वातावरण बदललंय.” तिसऱ्या दिवशी ते चार वाफे चालून बांधावर बसले आणि काहीच म्हणाले नाहीत. त्यांना धाप लागली होती.

काकूंनी आशाताईला निरोप धाडला. आशाताई म्हणजे गावची आशा स्वयंसेविका, गावचीच सून. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हापासून ऑक्सिमीटर पिशवीत घालून ती घरोघर फिरत होती. कोणाच्या घरात कोण आजारी, कोणाला साखर, कोणाला बीपी, हे तिला तोंडपाठ होतं.

तिनं तात्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९१ वर थांबला.

“तात्या, ९५ च्या खाली गेलं की थांबायचं नसतं. आजच तालुक्याला जायला हवं.”

“कांदा चाळीत गेला की येतो,” तात्या म्हणाले. “आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.”

“आठ-दहा दिवस हातात नाहीत, तात्या.”

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी सरपंच आले. अंगणात लांब उभे राहून म्हणाले, “तात्या, पैशाची काळजी करू नका. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्यांना लागू झालीय.” पुतण्या आला. तो म्हणाला, “तात्या, घाबरू नका. नेलेली माणसं बरी होऊन परत येतात.” पुण्याहून मुलाचा फोन आला. तो आधी रागावला, मग रडला. आरोग्य केंद्रातले डॉक्टरही फोनवर बोलले. प्रत्येकानं दवाखान्यात का जावं, ते तात्यांना समजावलं. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ते जागचे हलले नाहीत.

“म्हातारा हट्टी आहे,” लोक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. कांदा सगळ्यांचाच पडला होता.

दिवस कलताना आशाताई पुन्हा आली. तिनं आकडा पाहिला. ९० झाला होता. या वेळी तिनं दवाखान्याचं नावच काढलं नाही. ती अंगणातल्या लिंबाखाली लांबच बसली आणि म्हणाली, “तात्या, इथून उठायला तुम्हाला नेमकं काय आडवं येतंय? तेवढं मला सांगा.”

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग थांबत थांबत बोलले.

“आभाळ बघ पोरी. अवकाळी येणार. वाफ्यातला कांदा भिजला की सडला. सोसायटीचं कर्ज त्या कांद्यावर आहे. गाईंची धार कोण काढील? हिचंही अंग दुखतंय. उद्या हीसुद्धा पडली तर? या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. घासाला पाणी कोण देईल? मला मरणाची हौस नाही गं. पण मी तिकडं वाचलो आणि इकडं सगळं बुडालं, तर वाचून करू काय?”

आशाताईनं पिशवीतून वही काढली. पानावर लिहिलं: कांदा, धार, घासाचं पाणी, काकू. वही मिटून ती उठली आणि शेजारच्या मळ्यात गेली.

पहिल्या घरी नकार मिळाला. “आमच्या घरात लहान लेकरं आहेत बाई. तिकडं पाय नाही टाकायचा.” आशाताई रागावली नाही. भीती खोटी नव्हती. ती म्हणाली, “घरात कोणी जायचंच नाही. कांदा उघड्या रानात आहे. तोंडाला मास्क बांधा, एका वाफ्यात एकानंच बसा, पाणी ज्याचं त्यानं आणा. गाई सोडून तुमच्या चिंचेखाली बांधू. काकूंचीही तपासणी करून घेते. निकाल येईपर्यंत त्या घरातच राहतील.”

दुसऱ्या घरी एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मुलाला हाक मारली. “माझा पाय मोडला होता तेव्हा आपली बाजरी कोणी काढली, ठाऊक आहे का? तात्यानं. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायच्या सावडीला तो माणूस कधी मागं राहिला नाही. जा, मास्क बांध आणि विळा घे.”

अंधार पडेपर्यंत नऊ जण उभे राहिले. त्यात टाळेबंदीमुळे गावी परतलेली दोन पोरं होती. एकानं रात्रीची मोटार अंगावर घेतली. एका वहिनीनं धारेचं काम घेतलं. सगळे तात्यांच्या बांधावर येऊन अंतर सोडून उभे राहिले आणि म्हाताऱ्यांच्या मुलानं मोठ्यानं हाक दिली, “तात्या, तुमच्या कांद्याला आम्ही सावड धरली. तुम्ही निघा!”

तात्या उठून बसले. त्यांनी भिंतीवरची टोपी मागितली.

१०८ ला फोन लावला, पण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मग कांदा वाहणारी एक पिकअप निघाली. मागं गोधडी टाकून तात्यांना बसवलं. तालुक्याच्या दवाखान्यात खाटेसाठी पहाटेपर्यंत थांबावं लागलं. पहाटे खाट मिळाली, ऑक्सिजन लागला.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तोवर उपटलेल्या कांद्याची पात कापून, ढीग लावून त्यावर ताडपत्री टाकली होती. थोडा कांदा भिजला, बराच वाचला. काकूंची तपासणी पॉझिटिव्ह आली, पण त्यांना ताप बेताचा होता. त्यांचं जेवण उंबऱ्याबाहेर ठेवलं जाई आणि आशाताई रोज आकडा पाहून जाई. पुढच्या दिवसांत उरलेला कांदा निघाला आणि सुकून चाळीत गेला.

बारा दिवसांनी तात्या घरी आले. अंगानं निम्मे झाले होते. आल्या आल्या त्यांनी चाळ पाहिली आणि विचारलं, “कोण किती दिवस आलं? मला सांगा. सावड फेडावी लागते.”

“आधी नीट श्वास घ्या,” आशाताई म्हणाली.

विळा धरण्याची ताकद तात्यांच्या हातात नव्हती. ही गोष्ट त्यांना फार लागली. ते दिवसभर ओट्यावर बसून राहत.

मे महिन्यात आशाताईनं त्यांना एक गोष्ट सांगितली. गावाच्या कडेला एक बाई राहत होती. कांदा काटणीच्या रोजावर तिचं घर चालायचं. तिला चार दिवस ताप होता, तरी ती रोज कामावर जात होती आणि आशाताई दिसली की दार लावून घेत होती.

दुसऱ्या दिवशी तात्या काठी टेकत तिच्या दारासमोर जाऊन बसले. लांबूनच म्हणाले, “बाई, तपासणीचं मागाहून बघू. तुझं काय अडलंय, ते आधी सांग.”

दार किलकिलं झालं. “तात्या, तुम्हाला वावर होतं, म्हणून सावड मिळाली. मला कुठं वावर आहे? माझा रोज बुडाला की चूल बंद. दोन लेकरं आहेत. माझी सावड कोण करणार?”

तात्यांना तिचं म्हणणं खरं वाटलं. ते गावात परत आले आणि ज्यांनी त्यांचा कांदा भरला होता, त्या नऊ जणांच्या दारात गेले. “माझं फेडायचं राहिलंय,” ते म्हणाले. “माझ्या कोठीतले दोन पोती गहू मी देतो. तुम्ही त्या लेकरांचं दूध आणि किराणा बघा. ती बरी होईपर्यंत तिचा रोज आपण भरू.”

दोन्ही लेकरांची तपासणी झाली, ती मावशीकडे गेली. बाई वेळेवर तालुक्याला पोचली आणि बरी होऊन आली.

त्यानंतर आशाताईनं आपल्या वहीत दोन रकाने वाढवले. नाव, वय, ताप, ऑक्सिजन असे रकाने आधीपासून होते. शेवटी तिनं पेन्सिलनं लिहिलं, ‘मागे काय अडलंय?’ आणि त्यापुढं, ‘कोण बघणार?’ त्या उन्हाळ्यात गावातल्या कोणाचाही ‘कोण बघणार?’ हा रकाना रिकामा राहू द्यायचा नाही, हे काम तात्यांनी स्वतःकडे घेतलं.

गावांना दवाखाने तर हवेतच. सरकारी हिशेबात सपाटीच्या भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावं लागतं. हा हिशेब पुरा व्हायलाच हवा. डॉक्टर, खाटा, ऑक्सिजन आणि वेळेवर गाडी यांची जागा गावचा चांगुलपणा घेऊ शकत नाही. पण दवाखाना उभा राहिला तरी शेतकऱ्याला त्याच्या दारापर्यंत पोचायला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे मागं राहिलेलं वावर, जनावर आणि चूल कोणीतरी सांभाळील हा भरवसा. तो नसला की माणूस दुखणं लपवतो, आणि आपण त्याला अडाणी किंवा हट्टी म्हणून मोकळे होतो. म्हणून आजारी माणसाला ‘दवाखान्यात जा’ म्हणताना ‘तुझं मागं काय अडलंय’ हेही विचारावं, आणि जे अडलं असेल त्यातलं आपल्याला झेपेल तेवढं उचलावं.