प्रमाणाचे प्रमाण

लहान मुलाच्या क्षयाचे निदान करताना वैद्यकाची खरी कसोटी लागते. कारण मूल कफ थुंकत नाही, गिळते, म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकावाटे नळी घालून जठरातील द्राव काढावा लागतो, आणि त्यातही जंतू इतके विरळ असतात की, संवर्धनपरीक्षा नकारार्थी आली तरी रोग नाहीच, असा दाखला कोणी देऊ शकत नाही. मग नव्या परीक्षेची पारख कोणत्या निकषावर करावी?

हाच प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात प्रमाणवाद्यांना केला होता: प्रमाणाला, म्हणजे ज्ञानाच्या साधनाला, दुसरे प्रमाण हवे असेल, तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, अटळ, नको असेल, तर मग प्रमेयालाच, म्हणजे ज्ञानाच्या विषयालाच, ते कशाला? न्यायदर्शनाचे उत्तर असे की, ज्या तराजूने सोने तोलावयाचे, त्याचीच शंका आल्यास ज्ञात वजनाच्या सोन्याने तो तराजूही तपासता येतो. प्रमाण आणि प्रमेय ह्या प्रसंगानुरूप बदलणाऱ्या भूमिका होत.

रोगपरीक्षांनाही अशीच एकमेकींच्या आधारे तपासता येते: १९८० साली हुई आणि वॉल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी, क्षयाच्याच दोन त्वचापरीक्षांचे, रोगाचे प्रमाण भिन्न असलेल्या दोन लोकसमूहांतील निकाल एकत्र ठेवून, एकीलाही निर्दोष न मानता दोहोंच्या चुकांचा अदमास काढला. मात्र त्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आणि दोन्ही समूहांत सारख्या असाव्यात, हे त्यात गृहीत आहे; दोन्ही परीक्षा एकाच कारणाने चुकत असतील, तर त्यांची एकवाक्यता भ्रामक ठरते.

तेव्हा अंतिम प्रमाण हाती नाही, या सबबीवर ज्ञानाचा दावा कोणी खारीज करू नये, आणि दावा करणाऱ्यानेही आपली गृहीतके उघडपणे दाखल केल्यावाचून निकाल देऊ नये; ज्या मुलाला महिनोन्महिने औषध घ्यावयाचे, त्याचा तो हक्क आहे.